‘छान आहे’ म्हणून सुटले, आता काय सांगू?

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या मुलीची पहिली कादंबरी आलीय. प्रत हातात देऊन म्हणाली, ‘काकू, वाचून सांगा हं.’ एका गुळव्याची, म्हणजे गुऱ्हाळात गूळ करणाऱ्याची गोष्ट आहे. माझ्या माहेरी, करवीर तालुक्यात, घरचं गुऱ्हाळ होतं. त्यामुळं पहिली शंभर पानं एका बैठकीत संपवली. पाक आला का बघायला तो बोटं पाण्यात बुडवतो, काहिलीतला चिमूटभर पाक उचलतो आणि परत पाण्यात धरून गोळी वळतो. आमचा गुळव्या अगदी असंच करायचा. पुढं ऊस कारखान्याला जायला लागतो, गुऱ्हाळ बंद पडतं. मग म्हातारा चहात साखर घालतानाही आधी बोटं ओली करतो. तिथं मला रडू आलं. पण त्यानंतर दीडशे पानं तो नुसता सोप्यात बसलेला. काही घडतच नाही. बायको येते, चहा ठेवते, जाते. शेवट कधी आला, कळलंसुद्धा नाही. काल पोरीनं दारात गाठलं. मी ‘छान आहे गं’ म्हटलं आणि दूध उतू जातंय म्हणून आत पळाले. गॅसवर दूध नव्हतंच. आता काय सांगू?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, गॅसवर नसलेलं दूध उतू गेलेलं पहिल्यांदाच ऐकलं!

‘काही घडत नाही’ हे मात्र तिला सांगू नका. नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली, तीही पहिलीच कादंबरी. खेड्यातला पोरगा पुण्याला शिकायला जातो आणि गावी परततो. सांगायला गोष्ट एवढीच, पण तो पोरगा, पांडुरंग सांगवीकर, अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. म्हाताऱ्याच्या बोटांवर तुम्ही भरभरून लिहिलंय. बायकोवर एकच ओळ. तुमचं दुखणं तिथं आहे, असं मला वाटतं. गुऱ्हाळावर चिपाडं वाळत घालणाऱ्या बाया तुम्ही लहानपणी पाहिल्या असतील. लेखिकेला म्हाताऱ्याचे हात इतके बारकाईनं दिसले, मग त्याच्याच घरातल्या बाईचे का दिसू नयेत? दीडशे पानं सोप्यात काढायला माझी हरकत नाही, फक्त तिथं दोघं बसलेली हवीत.

पोरीला घरी बोलवा, या वेळी खरंच चहा ठेवा. साखरेचं ते पान उघडून रडू कुठं आलं ते बोट ठेवून दाखवा. गुळव्याच्या घरात साखर, हे सुचायला नजर लागते, तेही सांगा. ‘छान’ तिला गल्लीभर मिळालं असेल, पान नंबर कुणी दिला नसेल. मग विचारा, ‘तो बोटं ओली करतो तेव्हा ती कुठं असते गं?’ आणि गप्प बसा. तिला बोलू द्या.

शेवटाबद्दल मी पत्रावरून काय बोलू?

तुमची प्रत भेटीची दिसते. आणखी एक विकत घ्या आणि माहेरी धाडा. वहिनीचं मत काय पडतं, ते मलाही कळवा.