दुबार पेरणी म्हणजे काय? ‘दुबार’ हा शब्द कुठून आला?

तुम्ही विचारलंय, दुबार पेरणी म्हणजे वर्षातून दोन पिकं घेणं का? नाही. दोन पिकं निघतात त्या जमिनीला दुसोटा म्हणतात, आणि ती ज्याच्याकडे आहे तो सुखी. दुबार पेरणी म्हणजे पहिलं पेरलेलं उगवलंच नाही किंवा उगवून करपलं, म्हणून त्याच हंगामात त्याच वावरात पुन्हा पेरणं. मधेमधे रोपं मेली आणि तेवढीच जागा भरली, तर त्या नांग्या भरणं. ती दुबार नव्हे.

शब्द मूळचा फारसी. दो म्हणजे दोन, बार म्हणजे वेळ, खेप. हिंदीतला दोबारा तोच. मला यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं: दुसरी पेरणीही वाया गेली की आपण ‘तिबार पेरणी’ म्हणतो. फारसीत तीनला ‘से’ म्हणतात, म्हणजे तिथल्या हिशेबाने ‘सेबार’ व्हायला हवं होतं. पण दुमजली-तिमजली, दुपदरी-तिपदरी म्हणणाऱ्या कानांना दुबारातला ‘दु’ घरचाच वाटला, आणि पुढे आपलाच ‘ति’ लागला. ‘दुबार मतदार’मध्येही तोच शब्द आहे, फक्त तिथे अर्थ दोनदा नोंदलेला.

कारण बहुतेक वेळा पाऊसच. 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका असं सांगतात, पण मृगात दोन सरी पडल्या आणि शेजाऱ्याची पेरायची तिफण निघाली की धीर धरवत नाही. कधी बियाणंच दगा देतं. 2020 साली सोयाबीन उगवलं नाही म्हणून इतक्या तक्रारी आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

आमच्या सोयाबीनवरही एकदा ही वेळ आली. आठव्या दिवशी बाबांनी तासातली माती बोटाने उकरली. दाणा फुगलेला, कोंब फुटलेला, आणि तिथेच वाळलेला. चार एकर, एकरी तीस किलो, म्हणजे पुन्हा चार बॅगा. पण त्याहून जड गेलं ते पुन्हा पेरण्याआधी वखर घालून वावर मोकळं करणं, कारण जी थोडी रोपं तग धरून होती तीही त्याखाली गेली.

दसऱ्याला आजूबाजूचं सोयाबीन सोंगून झालं होतं, आमचं अजून हिरवंच. बांधावरून कोणी विचारलं की बाबा एवढंच म्हणायचे, “दुबारचं आहे.” पुढे कोणी काही विचारत नसे.