रिफायनरी पट्ट्यातलं काम कमी झालं तर कंत्राटी कामगाराला सरकारकडून काय मिळतं?

तुमचा भाऊ वडोदऱ्याजवळ कोयलीच्या रिफायनरीत कंत्राटदाराकडे १२ वर्षं फिटर आहे, पगार १८,०००, आणि 'हायड्रोजन येणार, माणसं कमी होणार' असं गेटवर चाललंय. कोणती योजना धरावी, हा तुमचा प्रश्न.

तेल-वायूतून बाहेर पडणाऱ्या वस्त्यांसाठी आपल्याकडे वेगळी योजनाच नाही. कोळशाच्या जिल्ह्यांत निदान जिल्हा खनिज निधी तरी असतो, म्हणजे खाणवाल्यांच्या पैशातून तिथल्या लोकांसाठी बाजूला काढलेली रक्कम. तो ज्या कायद्याखाली आला त्यातून खनिज तेल वगळलंय, म्हणून अंकलेश्वरच्या तेलाची रॉयल्टी राज्याला जाते, त्यातून तिथल्या लोकांसाठी असा निधी बाजूला पडत नाही. केंद्राच्या हायड्रोजन मिशनच्या १९,७४४ कोटींनीही हुरळू नका. त्यातले १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर (पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र) आणि हायड्रोजन बनवणाऱ्यांसाठी आहेत.

उरतो साधा कामगार कायदा आणि ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. तिथे सगळं एकाच शब्दावर अडतं: छाटणी, म्हणजे मालकाने स्वतः कामावरून कमी करणं. कंत्राटदार म्हणतो, 'राजीनामा लिहून दे, हिशोब आज हातात, नव्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पहिलं नाव तुझं.' माणूस लिहून देतो आणि तिथेच बुडतो.

हिशोब मांडा. छाटणी झाली तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, १८,०००. भरलेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार, म्हणजे ९,००० गुणिले १२, १,०८,०००. औद्योगिक संबंध संहितेतल्या पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचा पगार, साधारण ९,०००, ४५ दिवसांत खात्यात. ईएसआयच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत पहिले १२ महिने निम्मा पगार आणि पुढचे १२ महिने पाव, एकूण १,६२,०००, शिवाय दवाखाना चालू. बेरीज २,९७,०००. राजीनाम्यावर यातलं काहीच नाही, फक्त स्वतःचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी उरते. ग्रॅच्युइटीतही वर्षाला १५ दिवसांचाच पगार, पण महिना ३० ऐवजी २६ दिवसांचा धरतात, म्हणून सगळा पगार मूळ आणि महागाई भत्ता धरला तर १,२४,६१५.

आता बिघडतं कुठे? टेंडर बदललं की कंत्राटदार बदलतो, माणूस तोच, पण पीएफ-ईएसआय नव्या नंबरावर. कागदावर १२ वर्षांचे दोन-दोन वर्षांचे सहा तुकडे होतात. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच आहे ना, ईएसआय नंबर तोच चालू आहे ना, दर महिन्याची भरणी दिसते का, हे आजच पाहा. गेटपास, हजेरी कार्ड, पगाराच्या पावत्या फोटो काढून ठेवा. वर्ष भरलं असं धरायला २४० दिवस लागतात, ते मोजताना पगारी रविवार आणि सुट्ट्याही धरायच्या. कंत्राटदाराचा मुनीम धरत नाही. पगार थकवून कंत्राटदार पळाला तर तेवढा पगार मूळ कारखान्याने द्यायचा असतो.

वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातले एक स्नेही माझ्याशी कायम वाद घालतात की आधी ट्रेनिंग द्या, पैसा दिला की माणूस उडवतो. मला हे पटत नाही. केंद्राच्या १९९२ च्या राष्ट्रीय नवीकरण निधीतही पुनर्प्रशिक्षणाचंच नाव होतं, बहुतेक पैसा गेला स्वेच्छानिवृत्तीत. स्कॉटलंडच्या ग्रेंजमाउथ रिफायनरीत तेलाचं शुद्धीकरण एप्रिल २०२५ मध्ये थांबलं. ब्रिटिश सरकारने २० कोटी पौंड जाहीर केले ते नव्या उद्योगांसाठी. पगार त्याच महिन्यात बंद होतो, नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. मधलं घर चालवायचं कोणी? निम्मा पगार हातात असला तरच फिटर सहा महिने आयटीआयमध्ये बसेल, नाहीतर तो रिक्षा घेईल. आणि पाइप फिटिंगवाल्याला सोलर पॅनल बसवायला पाठवणं म्हणजे त्याचा हात वाया घालवणं.

हे मात्र पाहून घ्या: ईएसआयचा भत्ता आधीची किमान दोन वर्षं वर्गणी भरलेली असेल तरच, आणि दुसरी नोकरी लागली की बंद. पगार २१,००० च्या वर गेला असेल तर ईएसआयच नाही. भाऊ मुदतीच्या करारावर असेल तर मुदत संपणं छाटणीत धरत नाहीत. म्हणून नेमणुकीचं पत्र आधी शोधा. मुदत लिहिली आहे का, ते बघून मग कंत्राटदाराशी बोला.