बबूनचे डोळे अंधारात जात असतील तर
मित्रा, तुझे टांझानियातल्या लेक मन्यारा नॅशनल पार्कमधल्या बबून माकडांचे फोटो बघितले, शार्प आहेत सगळे, पण डोळे पार काळोखात गेलेत. ऑलिव्ह बबूनच्या भुवईचं हाड एवढं पुढे असतं की दुपारच्या उन्हात खोबणीत नुसती सावली पडते, त्यामुळे सकाळी गेट उघडल्या उघडल्या आत शिर, ऊन तिरपं असतं तेव्हा डोळ्यात तो छोटासा चमकता ठिपका येतो आणि चेहरा एकदम जिवंत होतो बघ. जीपच्या छतातून वरून मारू नकोस, खिडकीवर कॅमेरा टेकवायला बीनबॅग (दाणे भरलेली छोटी पिशवी) ठेव आणि त्याच्या नजरेच्या लेव्हलला ये. काळा चेहरा फ्रेमभर असला की कॅमेरा फसतो, जास्त उजेड घेतो, मी तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायचं सेटिंग) उणे ०.७ वर ठेवतो. रॉ मध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढ, मग लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मास्क लावून, म्हणजे फक्त डोळे निवडून, शॅडो किंचित उचल, जास्त केलंस तर काचेच्या गोट्या दिसतात. नराची जांभई भारी येते फोटोत, पण ती बऱ्याचदा धमकी असते, भुवया ताणून फिकट पापण्या दाखवायला लागला की काच वर कर. आणि खाऊ दाखवून बोलवू नकोस रे, प्लीज. इंजिन बंद करून तासभर बसलास ना, की आईच्या पोटाला चिकटलेलं गुलाबी कानांचं काळं पिल्लू आपोआप तुझ्याकडे बघतं.