टेक्सासची हजार डॉलरची शिष्यवृत्ती किती पक्की?

सांगलीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर, पुण्यात दोन वर्षं नोकरी केलेली. ऑगस्ट 2026 पासूनच्या एमएससाठी तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. एक टेक्सासमधलं सरकारी विद्यापीठ, दुसरं ईशान्येकडचं, रँकिंगमध्ये बरंच वरचं खासगी विद्यापीठ. टेक्सासवाल्यांनी वर्षाला हजार डॉलरची शिष्यवृत्ती कळवली आहे, खासगीवाल्यांनी फीमध्ये चांगली घसघशीत सूट. आई लिहितात: "हजार डॉलर म्हणजे विमानाच्या तिकिटाचे पैसे. तेवढ्यासाठी रँकिंग सोडायचं का? शिवाय टेक्सासमधली इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांच्या कमी फीची सवलत कोर्टानं बंद केली असं वाचलं. मुलीचे काका डॅलसजवळ राहतात, त्यांचा पत्ता लावला तर चालेल का? आणि तिचे मार्क आम्हाला कळवतील ना? घर तारण ठेवून कर्ज काढतोय."

ताई, शेवटचं वाक्य वाचलं आणि तुमचं पत्र बाजूला काढून ठेवलं. घर तारण आहे म्हटल्यावर घाईत दोन ओळींचं उत्तर देणं मला बरं वाटेना.

आधी त्या हजार डॉलरचं बोलू. ती शिष्यवृत्ती हजार डॉलरची नाही. डोमिसाईलचं महत्त्व महाराष्ट्रातल्या कुठल्याही आईला सांगावं लागत नाही. कॅप राउंडच्या आधी सेतू केंद्रावर तुम्हीही रांग लावली असेल. अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांचंही तसंच आहे. ती चालतात राज्याच्या कायद्यानं, त्यामुळे राज्यातल्या मुलांना एक फी आणि बाहेरच्यांना दुसरी. टेक्सासच्या शिक्षण कायद्यात रहिवाशांसाठी मूळ फी क्रेडिटमागे (अभ्यासक्रम मोजायच्या एककामागे) 50 डॉलर लिहिलेली आहे. बाहेरच्यांचा दर दरवर्षी काढतात, टेक्सास सोडून सर्वात जास्त लोकसंख्येच्या पाच राज्यांमधल्या फीच्या सरासरीवरून. याशिवाय विद्यापीठ स्वतःची वेगळी फी लावतं, ती 2003 पासून विद्यापीठांच्याच हातात आहे.

त्याच कायद्यात एक कलम असं आहे की स्पर्धेतून मिळालेली, वर्षाला किमान हजार डॉलरची शिष्यवृत्ती असेल, तर बाहेरच्या विद्यार्थ्यालाही इन-स्टेट दरानं फी लावायची मुभा विद्यापीठाला आहे. म्हणून तर आकडा नेमका हजारच आहे! आता पाटी-पेन्सिल घ्या. दोन दरांतला फरक क्रेडिटमागे हिशेबापुरता 400 डॉलर धरा, खरा आकडा तिच्या फी-पत्रकात सापडेल. एमएस 33 क्रेडिटचं असेल तर 13,200 डॉलर वाचले, शिष्यवृत्तीचे हजार-दोन हजार वेगळेच.

पण कायद्यात "मुभा" आहे, सक्ती नाही. शिवाय अशी सवलत एकूण विद्यार्थ्यांच्या पाच टक्क्यांपर्यंतच देता येते. आणि शिष्यवृत्ती गेली की इन-स्टेट दरही जातो, ही अट मुलं वाचतच नाहीत. माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं तसंच झालं. पहिल्या सत्रात जीपीए (ग्रेडची सरासरी) थोडक्यात घसरला, पुढच्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली नाही. त्यानं मला बिलाचा फोटो पाठवला. शिष्यवृत्तीची ओळ गायब होती, त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. हजारच तर होते. खाली दुसऱ्या ओळीत "नॉन-रेसिडेंट ट्युशन" आलं होतं, आणि तो आकडा त्यानं बिल भरायच्या आदल्या दिवशी पाहिला.

याहून भक्कम आधार असिस्टंटशिपचा. अभ्यासक्रमाशी संबंधित टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंट म्हणून किमान अर्धवेळ काम मिळालं, तर टेक्सासचा कायदा तिला इन-स्टेट दराचा हक्कच देतो. इथे एक गंमतशीर पेच आहे, नीट लक्षात ठेवा. राज्याचा कायदा म्हणतो किमान अर्धवेळ, म्हणजे आठवड्याला 20 तास. एफ-1 या विद्यार्थी व्हिसाचा अमेरिकी केंद्र सरकारचा नियम म्हणतो, सत्र चालू असताना कॅम्पसवर जास्तीत जास्त 20 तास. त्यामुळे काम नेमकं 20 तासांचंच हवं. 15 तासांचं घेतलं तर सवलत हातची जाते. असिस्टंटशिपला जोडून कॅन्टीनमधले पाच तास घेतले, तर व्हिसा धोक्यात येतो.

तुम्ही वाचलेली कोर्टाची बातमी खरी आहे, पण ती तुमच्या लेकीबद्दल नाही. 2001 मध्ये टेक्सासनं कायदा केला होता की कागदपत्रं नसलेली, पण तिथल्याच शाळेत शिकून मोठी झालेली मुलं इन-स्टेट फी भरू शकतील. असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य. जून 2025 मध्ये केंद्र सरकारनं 1996 च्या एका केंद्रीय कायद्यावर बोट ठेवून दावा लावला, टेक्सासनं विरोध केला नाही, आणि त्याच दिवशी न्यायाधीशांनी ती तरतूद रोखली. शाळेपासून तिथे वाढलेल्या मुलांच्या पायाखालची जमीन एका दिवसात सरकली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या मुलीची सवलत वेगळ्या कलमाखाली येते, या निकालानं तिला धक्का लागलेला नाही.

मात्र एक गोष्ट मी लपवणार नाही. टेक्सासचं विधिमंडळ विषम सालीच नियमित भरतं, जानेवारीपासून 140 दिवस. पुढचं अधिवेशन जानेवारी 2027 मध्ये, म्हणजे तुमच्या मुलीच्या दुसऱ्या सत्रात. कलम बदलायचंच झालं तर तेव्हा बदलू शकतं. म्हणून कर्ज मंजूर करून घेताना दुसऱ्या वर्षाची रक्कम पूर्ण फीच्या हिशेबानं घ्या, उचल मात्र लागेल तेवढीच करा. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं.

काकांचा पत्ता अजिबात लावू नका. एफ-1 व्हिसा शिक्षण पुरं करून परत जाण्याच्या बोलीवर मिळतो, त्यामुळे त्यावर कितीही वर्षं राहिलं तरी टेक्सासचं डोमिसाईल मिळत नाही. काकांची मुलं एच-4 वर (तिथे नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असतील तर त्यांना मिळू शकतं, पुतणीला नाही. फॉर्मवर खोटं लिहिलं तर तिचं शिक्षण आणि व्हिसा दोन्ही पणाला लागतील. काकांकडे दिवाळीचा फराळ करायला जरूर जाऊ दे.

आता कर्जफेडीचं. एमएसनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, 12 महिने आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शाखेला आणखी 24 महिने काम करता येतं, हे एजंट सांगतातच. ओपीटी अमेरिकी संसदेच्या कायद्यात कुठेही लिहिलेली नाही, हे ते सांगत नाहीत. ती प्रशासनानं केलेल्या नियमांवर उभी आहे, आणि नियम बदलायला संसदेत मतदान लागत नाही. तीन वर्षं डॉलरमध्ये पगार मिळेल असं धरून घर तारण ठेवू नका. पुण्यातल्या पगारातून हप्ता जाईल का, हे आधी पाहा. जात असेल तेवढंच कर्ज घ्या. या एका गोष्टीत मी कुणालाही सूट देत नाही.

म्हणूनच मला विचाराल तर टेक्सास. रँकिंगचा फायदा नोकरी शोधताना थोडा होतो, पण चाळीस लाखांचं कर्ज आणि पंचवीस लाखांचं कर्ज यांतला फरक घरात रोज जाणवतो. खासगी विद्यापीठाची सूट ही त्यांची स्वतःची, तिथे राज्याच्या फीचा कायदा लागू नाही. ती दोन्ही वर्षांसाठी लेखी देत असतील आणि दोन्हीकडचा एकूण खर्च सारखा येत असेल, तर मी माझं मत बदलेन.

मार्कांचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. 1974 चा फर्पा नावाचा केंद्रीय कायदा आहे. विद्यापीठात पाऊल टाकलं की निकालाचे सगळे हक्क विद्यार्थ्याचे. फी तुम्ही भरलीत, घर तुमचं गहाण असलं, तरी तुमच्या फोनवर विद्यापीठ एक अक्षर सांगणार नाही. मुलीनं लेखी संमती दिली तरच सांगू शकतं. तिला हे आत्ता, जेवायच्या टेबलावर निवांत विचारा. ती नको म्हणाली तर रागावू नका. फक्त एवढं कबूल करून घ्या की शिष्यवृत्तीची ओळ बिलातून गेली, तर पहिला फोन घरी.

आणि आज रात्रीच तिला विभागाच्या ग्रॅज्युएट ॲडव्हायझरला मेल करायला सांगा. तीन प्रश्न पुरेत: या शिष्यवृत्तीसोबत इन-स्टेट दर मिळतो का, तो दुसऱ्या वर्षीही चालू राहण्यासाठी किती जीपीए लागतो, आणि त्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो का. उत्तर आलं की मला पाठवा. बँकेत सही त्यानंतर.