वाचकांचे प्रश्न : थाई कला आणि मंडळाचा साप्ताहिक वर्ग

प्रश्न : इंदूरच्या रामबाग परिसरात आमचे महिला मंडळ आहे. मुले पुण्याला किंवा परदेशी गेल्यामुळे एकट्या राहणाऱ्या भगिनी त्यात पुष्कळ आहेत. बँकॉकला काही वर्षे राहून आलेल्या एका सदस्येने तेथील पारंपरिक कलांचा वर्ग सुचवला आहे. त्याने मनाला खरोखर उभारी येते का? आरंभ कशाने करावा?

उत्तर : निश्चित येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन, कलांचा शारीरिक व मानसिक स्वास्थ्याला हातभार लागतो, असे नमूद केले आहे. मात्र युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलेले, रामकथा सादर करणारे ‘खोन’ हे मुखवटानृत्य कितीही देखणे असले, तरी ते वर्षानुवर्षांची तालीम मागते. आपल्या वर्गासाठी ते योग्य नाही.

आरंभ ‘क्राथोंग’ने करावा. थायलंडमध्ये बाराव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, ही पानाफुलांची आरास पाण्यावर सोडतात. केळीच्या खोडाची जाड चकती बैठकीला घ्यावी. केळीचे पान पुसून शिरांच्या दिशेने पट्ट्या फाडाव्यात, प्रत्येक पट्टीची टोकदार पाकळी दुमडून चकतीच्या कडेने टाचणीने बसवत जावी आणि मध्यभागी फुले, मेणबत्ती व उदबत्त्या खोचाव्यात. पान घडीवर चिरू लागले, तर मंद आचेवरून क्षणभर फिरवावे. ज्यांनी आयुष्यभर द्रोण लावले, त्यांचे हात येथे लगेच वळतात आणि शेजारणीची घडी सुधारून देण्याचा मान त्यांच्याकडे येतो. माझ्या मते वर्गाचा खरा लाभ हाच, कारण आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव एकटेपणावर नुसत्या करमणुकीपेक्षा अधिक काळ पुरते. म्हणून बँकॉकहून आलेल्या भगिनींनी पहिले एक-दोन वर्ग घ्यावेत, पुढे शिकवण्याची पाळी सर्वांकडे फिरू द्यावी.

क्राथोंग नदीत किंवा तलावात सोडू नये. बँकॉकमध्येही दुसऱ्या दिवशी पालिकेला लाखो क्राथोंग गोळा करावे लागतात. घंगाळातील पाणी पुरेसे आहे. नंतर टाचण्या मोजून काढून घ्याव्यात.

दुसऱ्या टप्प्यात ‘रामवोंग’ घ्यावे. वर्तुळात संथ पावलांनी करावयाचे हे समूहनृत्य लोकनृत्यातून १९४० च्या दशकात तेथील ललित कला विभागाने आजच्या रूपात आणले. गुडघे दुखत असतील त्यांनी खुर्चीवर बसून केवळ हस्तमुद्रा कराव्यात.

एखादी भगिनी आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, तर तिला वर्गाच्या भरवशावर ठेवू नये; मंडळातील कोणीतरी सोबत जाऊन तिला डॉक्टरांकडे न्यावे.