तोडीनंतरच्या फांद्या आणि पालाशाचा हिशेब

फिनलंडमध्ये सुमारे ५० लाख हेक्टर पीट जमिनीवर, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळ-वनस्पतींच्या थरावर, जंगलासाठी चर खोदून पाण्याचा निचरा केला गेला. बहुतेक चर १९६० आणि १९७० च्या दशकांतले. तिथले पाइन आणि स्प्रूस, म्हणजे सुईसारख्या पानांची झाडं, आता तोडीला आली आहेत. खोडं कारखान्यात जातात. फांद्या, शेंडे आणि सुया मागे उरतात. त्यांच्याविषयीचे हे प्रश्न.

फांद्या तिथेच कुजू दिल्या तर नव्या रोपांना खत मिळेल ना?

मिळेल, पण नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) एका चालीने सुटत नाहीत. पालाश पेशीरसात विरघळलेला असतो. कुजण्याची वाट न पाहता तो पावसाने आणि वितळत्या बर्फाने धुऊन निघतो. पहिल्या एक-दोन वर्षांतच बहुतेक गेलेला असतो. स्फुरद मागून येतो. नत्राचं गणित निराळं. फांदीत कर्ब (कार्बन) नत्राच्या शंभरपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, म्हणून कुजवणारी बुरशी ते नत्र स्वतःतच अडकवते, प्रसंगी बाहेरूनही ओढते. पाइनच्या सुया पहिल्या वर्षात साधारण चौथा ते तिसरा हिस्सा वजन गमावतात. जाड फांद्या वर्षानुवर्षं पडून असतात.

खरी अडचण वेळेची आहे. पालाश सुटतो तेव्हा रोप वीतभर असतं आणि त्याला तो उचलता येत नाही. म्हणून तोडीनंतर उगवलेलं गवत-झुडूप सरसकट साफ करू नये; रोपाला झाकणारं तेवढंच काढावं. बाकीचं पालाश धरून ठेवतं.

मग वीजकेंद्रात जाळायला फांद्या नेल्या तर काय बिघडतं?

जाड पीटवर बरंच बिघडतं. पीटमध्ये नत्राचा साठा मोठा असतो, पालाशाचा अगदी तोकडा. झाडाची मुळं वरच्या थरातच पसरतात, खालच्या खनिज मातीपर्यंत पोचत नाहीत. तेव्हा उभ्या झाडातला पालाश हीच त्या जागेची पुंजी. सुयांसकट फांद्या उचलणं म्हणजे ती गाडीत भरून पाठवणं. उचलायच्याच असतील तर निदान ३० टक्के जागेवर ठेवाव्यात, आणि उरलेल्या उन्हाळाभर छोट्या ढिगांत वाळवून सुया गळल्यावर न्याव्यात. पालाश आधीच कमी असेल तिथे अजिबात नेऊ नयेत.

कमतरता ओळखायची खूण: हिवाळ्याच्या तोंडावर सुयांची टोकं पिवळी पडतात. खात्रीसाठी थंडीत, झाड सुप्त असताना, शेंड्याकडच्या चालू वर्षाच्या सुया तपासाव्यात. पाइनमध्ये किलोमागे ३.५ ग्रॅमपेक्षा कमी पालाश म्हणजे तीव्र कमतरता. उपाय लाकडाची राख, दाणेदार केलेली, हेक्टरी ३ ते ५ टन. तिच्यात स्फुरद, पालाश आणि चुना असतो, पण नत्र नसतं. त्यामुळे नत्रानेही गरीब असलेल्या पीटवर ती टाकून फारसं साधत नाही.

ढीग करावेत की पसरून टाकावं?

पसरावं. मोठ्या ढिगाखाली काहीच उगवत नाही, म्हणजे सुटलेलं अन्न घ्यायला कोणी नसतं. शिवाय तिथली पीटही जास्त वेगाने कुजते, असं मोजणीत दिसलं आहे. अपवाद यंत्राच्या वाटेचा. मऊ पीटवर फांद्यांची गादी नसेल तर यंत्र रुततं आणि चाकोरीत पाणी साचतं. चराच्या काठावर मात्र ढीग नकोच.

तोडीनंतर चराच्या पाण्यात स्फुरद का वाढतो?

झाडं गेली की पाणी उपसणारं कोणी राहत नाही, आणि भूजलपातळी वर येते. बुडालेल्या पीटमध्ये प्राणवायू संपतो, लोह विरघळतं आणि त्याने धरलेला स्फुरद मोकळा होतो. त्यात फांद्यांमधला मिसळतो. चराचं पाणी थेट ओढ्यात न सोडता झाडोऱ्याच्या सपाट पट्ट्यावर पसरवावं.

कोकणातल्या जांभ्या जमिनीतही असंच होतं का?

उलट होतं. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम इतकं असतं की स्फुरद घट्ट बांधला जातो आणि पिकाला मिळत नाही. पीटमध्ये हेच दोन्ही कमी, म्हणून तिथे तो पाण्याबरोबर निघून जातो. पालाशाचं मात्र दोन्हीकडे सारखंच: ओल्या पाल्यातून तो पहिल्या पावसातच सुटू लागतो.