युगांडातली केळी एकदम निम्म्यावर कशी आली?

प्रश्न : ताई, माझा पुतण्या कंपालात नोकरीला आहे. तिथं जेवणात शिजवलेली कच्ची केळीच मुख्य, असं तो सांगतो. त्यानं मला देशोदेशींच्या अन्नपुरवठ्याचा एक आलेख पाठवला. भाजीच्या केळ्यांचा युगांडातला माणशी पुरवठा जुन्या वर्षांत दोनशे किलोच्या वर दिसतो, पुढे उतरत जातो आणि अलीकडे एके ठिकाणी एकदम खाली येतो. एवढी केळी माणूस खाऊ शकतो का? लोकांनी ती खायची सोडली का? आणि भारतापुढे शून्य कसं? आपल्या कपिलतीर्थ मंडईत तर कच्ची केळी रोज असतात.
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी दोनशे किलोंचं बघू. हे वजन सालीसकट असतं. तुमचं पत्र आल्यावर मी किलोभर कच्ची केळी आणली, हाताला तेल चोळून सोलली आणि गर काट्यावर ठेवला. सहाशे ग्रॅमच्या थोडा वर भरला. वर्षाला दोनशे किलो म्हणजे दिवसाला साडेपाचशे ग्रॅम, त्यातला गर साडेतीनशेच्या आत, आणि उष्मांक चारशेच्या आसपास. आपल्याकडच्या दोन भाकऱ्यांएवढे. ज्या घरात केळं हेच रोजचं अन्न आहे तिथं हे सहज खपतं. सोललेली केळी केळीच्याच पानांत बांधून बराच वेळ वाफवतात, पानासकट दाबून मऊ करतात आणि शेंगदाण्याच्या कालवणाबरोबर खातात. त्याला मटोके म्हणतात. पुतण्या जेवतो ते हेच असणार.

पण ‘पुरवठा’ म्हणजे पोटात गेलेलं अन्न नव्हे. उत्पादनात आयात मिळवायची, त्यातून निर्यात, नासाडी, जनावरांचं खाणं, केळ्यांच्या दारूला गेलेला माल वजा करायचा आणि उरलेल्याला लोकसंख्येनं भागायचं. कृषी महाविद्यालयात सांख्यिकी शिकवताना मी मुलांना आधी हेच विचारायची, की यातला कुठला आकडा कुणी प्रत्यक्ष मोजलाय? आपल्या जिल्ह्यातला ऊस कारखान्याच्या काट्यावर चढतो, पावती फाटते. युगांडातल्या शेतकऱ्यानं घरामागचा घड कापून संध्याकाळी चुलीवर चढवला तर त्याचं वजन कुठल्या वहीत लागणार? केळीला वर्षभर घड येत राहतात, एकदाच कापणी नसते, त्यामुळे विचारून लिहायचं तरी अवघडच.

तुमच्या आलेखातली एकदम उतरलेली रेषा इथूनच आली. वर्षानुवर्षं युगांडाचं उत्पादन 90 लाख टनांच्या वर धरलं जात होतं. 2008-09च्या कृषी गणनेत ते साधारण 43 लाख टन भरलं. लोकांच्या ताटातलं निम्मं अन्न कुणी रातोरात काढून नेलं नव्हतं. हा नवा पाया आकडेवारीत आला आणि रेषा कोसळली. भरीला, जागतिक अन्न व कृषी संघटनेनं अन्नताळेबंदाची, म्हणजे वर सांगितलेल्या बेरीज-वजाबाकीची, रीतच बदलली. जुनी मालिका 1961 ते 2013, नवी 2010पासून पुढे. दोन्ही सांधून एकच रेषा काढलेले आलेख सर्रास फिरतात. मला ते अजिबात पटत नाहीत. अशा रेषेवरून देश उपाशी पडला म्हणायला कुणीही मोकळा होतो.

म्हणून घसरण खोटी आहे, असं मात्र समजू नका. एकदम आलेला उतार बाजूला ठेवला तरी हळूहळू आलेला उरतोच, आणि काळजी त्याची करायला हवी. 1991च्या जनगणनेत युगांडाची लोकसंख्या 1 कोटी 67 लाख होती, 2014ला ती 3 कोटी 46 लाख झाली. भाजक दुप्पट झाला, केळी तेवढ्या वाढल्या नाहीत. मध्य युगांडातल्या जुन्या बागांची जमीन थकली, सोंडकिडा कंदात आणि सूत्रकृमी, म्हणजे मातीतले सूक्ष्म कृमी, मुळांत शिरले, करपा आला. तिथले शेतकरी कसावा, रताळी, मक्याकडे वळले आणि केळी नैर्ऋत्येला एम्बरारा, बुशेनीकडे सरकली. आता कंपालाच्या बाजारात केळी ट्रकनं लांबून येतात.

त्यात 2001 साली मुकोनो जिल्ह्यात जिवाणूजन्य मर रोग सापडला. पानं सुकतात, फळं वेळेआधी पिवळी पडतात, कापून पाहावं तर आत तपकिरी कुजलेलं. केळफुलावर येणारे कीटक आणि कापणीचा कोयता, दोन्हींनी तो पसरतो. उपाय वाचून मी चकित झाले : शेवटची फणी धरली की केळफूल काढून टाकायचं, पण कोयत्यानं नाही, बेचकीच्या काठीनं पिळून. कोयता वापरलाच तर आगीत धरून मगच पुढच्या झाडाला लावायचा. आपण केळफूल भाजीसाठी काढतो, तिथं ते बाग वाचवण्यासाठी काढतात. ज्यांनी हे नेटानं केलं त्यांच्या बागा सावरल्या. दारूसाठी लावलेल्या जातींना रोगाचा फटका सगळ्यात जास्त बसला.

सगळीकडे उतारच आहे असंही नाही. घानात 1983चा दुष्काळ आणि वणवे यांनी केळीची दाणादाण उडाली होती, पण पुढच्या दशकांत उत्पादन लोकसंख्येपेक्षा वेगानं वाढलं. कोकोची कोवळी रोपं सावलीत वाढवायला तिथं केळी लावतात, त्यामुळे कोकोची नवी लागवड झाली की केळीही वाढते.

राहिलं भारताचं शून्य. भारत आपली सगळी केळी एकाच ‘केळी’ या सदरात कळवतो. जळगावची पिकवून खायची, कोकणातली राजेळी, केरळची नेंद्रन, सगळी त्यातच, वर्षाला 3 कोटी टनांच्या वर. भाजीची केळी वेगळी दाखवतच नाहीत, म्हणून त्या रकान्यात शून्य. उलट युगांडाची मटोकेची केळी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं राजेळी-नेंद्रनच्या गटातली नाहीत, तरी शिजवून खातात म्हणून भाजीच्या केळ्यांच्या सदरात धरली जातात. त्यामुळे पुतण्याला युगांडा आणि भारत शेजारी ठेवून पाहायचे असतील, तर दोन्ही देशांची दोन्ही सदरं मिळवून घ्यायला सांगा, आणि वर्षं 2010नंतरचीच घ्यायला सांगा.